एका दाताचा फरक

२०२१ सालच्या जुलै महिन्याच्या २२ तारखेला सावित्री नदी आमच्या भातगिरणीत आली. पाहुणी निदान उंबऱ्याशी थबकते. ही थबकली नाही. तिने थेट आढ्याला हात लावला, रात्रभर मुक्काम केला आणि जाताना मांडीएवढा गाळ मागे ठेवला. वर डोंगरात, महाबळेश्वरी, त्या वेळी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता. महाबळेश्वरच्या पश्चिम अंगाला पडलेले पाणी पोलादपूर आणि महाड यांच्या अंगणातूनच बाणकोटच्या खाडीला जाते. शाळेत इतिहासाबरोबर भूगोलही माझ्याच गळ्यात असे, त्यामुळे हे वाक्य मी पोरांकडून वर्षानुवर्षे घोकून घेतले होते. त्याचा अर्थ मला त्या रात्री कळला.

महाड शहर बुडाले. तळियेवर दरड कोसळली आणि घरे माणसांसकट नाहीशी झाली. त्या दुःखापुढे एका गिरणीचे दुःख ते काय! पहिले पंधरा दिवस आम्ही तिकडे फिरकलोच नाही. पुढे फावडी घेऊन गेलो तेव्हा विजेची मोटर गाळाने भरून निकामी झाली होती, बाहेरचे खांब आडवे पडले होते, आणि तीन फेजची वीज केव्हा येईल ते कोणीच सांगत नव्हते. कोपऱ्यात, गोणपाटाच्या चिंध्यांखाली, आमच्या आबांचे जुने तेलाचे इंजिन तेवढे आपल्या चौथऱ्यावर जसेच्या तसे उभे होते. १९८४ साली मोटर बसली तेव्हापासून ते नुसतेच उभे होते.

माझा पुतण्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. तो व्यवहारी माणूस. म्हणाला, "काका, भंगारवाला आला आहे. किलोवर घेतो म्हणतो."

"आणि नवे भात?" मी विचारले.

शेतात भात उभे होते. पुराने खालची खाचरे खाल्ली होती, पण वरची राहिली होती. दिवाळी ४ नोव्हेंबरला होती. आमच्याकडे नरकचतुर्दशीला नव्या भाताचे पोहे झाल्याशिवाय दिवाळी उजाडत नाही, आणि घरात नवा तांदूळ आला नाही तर वर्ष कोरडे गेले असे म्हातारी माणसे म्हणतात. आजूबाजूच्या चार वाड्यांचे भात आमच्याच गिरणीत येई. पुतण्या गप्प राहिला. मग म्हणाला, "चालू होईल असे वाटते तुम्हाला?"

मला काहीच वाटत नव्हते. पण भंगारवाल्याला मी परत पाठविले. मग पोलादपुरास जाऊन मिस्त्रींना घेऊन आलो.

हे इंजिन आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. साल १९५८. मी आठ वर्षांचा होतो. आमच्या जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. इंजिन ट्रकने हमरस्त्यापर्यंत आले आणि पुढे बैलगाडीत चढले. गाडीमागून सारा गाव चालला होता. वरात निघावी तशी.

त्याआधी आमच्याकडचा तांदूळ म्हणजे बायकांच्या खांद्यांचे दुखणे होते. पहाटे तीन-साडेतीनला घराघरांतून मुसळांचे ठोके सुरू होत. माझी आई आणि आत्या समोरासमोर उभ्या राहून एकाच उखळात आळीपाळीने मुसळ टाकीत. एकीचे वर, एकीचे खाली. कधी टक्कर होत नसे. मी अंथरुणात पडून ते ठोके मोजी. त्या दोघींच्या मधला तो अर्ध्या क्षणाचा अवकाश हेच सगळे कौशल्य होते, हे मला तेव्हा समजले नाही. ते समजायला कॅमशाफ्ट हातात यावा लागला.

गमतीची गोष्ट अशी की आमच्याच जिल्ह्यात, भिरा येथे, १९२७ पासून वीज तयार होत होती. तिच्यासाठी मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. ती वीज डोंगर ओलांडून मुंबईला जाई. आम्ही कंदिलाच्या काचा राखेने पुशीत बसत असू. कोकणात, देशावर, मराठवाड्यात, जिथे तारा पोहोचल्या नाहीत तिथे यंत्रयुग आले ते तेलाच्या इंजिनाच्या पाठीवर बसून. विहिरीवर पंप, गावात पिठाची चक्की, उसाचे गुऱ्हाळ आणि आमच्याकडे भाताचा हलर. हा हलरसुद्धा दुरून आलेला. ब्राझीलमध्ये एंगेलबर्ग नावाच्या गृहस्थाने १८८५ च्या सुमारास तो काढला. आमच्या गावच्या बायकांना एंगेलबर्ग ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्यांच्या खांद्यांवरचे मुसळ उतरविणाऱ्यांत त्याचे नाव घेतले पाहिजे.

आता इंजिन कोणत्या घराण्याचे? इतिहासाच्या मास्तराला हा प्रश्न पडणारच. पण नावाची पितळी पट्टी केव्हाच गळून पडली होती. आबा हयात असते तर सांगते. मी आपला तर्काने वंशावळ मांडू लागलो.

पहिले नाव अर्थातच किर्लोस्करांचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, लोखंडी नांगर केला, आणि १९१० साली औंध संस्थानातल्या एका उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. १९४६ साली पुण्यास तेलाच्या इंजिनांची कंपनी निघाली. तिचे कर्तेधर्ते त्यांचे चिरंजीव शंतनुराव. ते अमेरिकेतून यंत्रविद्या शिकून आलेले. या घराण्याने मराठी माणसाला नांगर दिला, इंजिन दिले, आणि त्याबरोबर 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिकेही दिली. दिवाळी अंक उशाशी घेऊन झोपणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांनी हे विसरू नये. ज्या घराण्यात लोखंड ओतले जाई, त्याच घराण्यात अक्षरे जुळविली जात.

दुसरे नाव घाटावरच्या आमच्या शेजाऱ्यांचे. साताऱ्याच्या धनजीशहा कूपर यांच्या कारखान्यात नांगरांपाठोपाठ तेलाची इंजिनेही तयार होऊ लागली. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री होते; त्या वेळी त्या पदाला पंतप्रधान म्हणत. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, तिथून उतरले की सातारा. जावळीच्या मोऱ्यांपासून ज्या वाटेने घाटावरचा आणि कोकणातला व्यवहार चालला, त्याच वाटेने पुढे इंजिनेही उतरली. तिसरा पर्याय कोल्हापूरच्या उद्यमनगराचा. तिथल्या ओतशाळांनी परदेशी नमुने समोर ठेवून आपली स्वतःची इंजिने घडविली.

मी ही सारी वंशावळ मिस्त्रींपुढे मांडली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग इंजिनावर हात फिरवीत म्हणाले, "गुरुजी, आता हे सगळ्यांचेच आहे. पंप बंगळूरच्या मायकोचा, पिस्टन कोल्हापूरचा, लायनर राजकोटचा. माणसाचे गोत्र विचारावे, इंजिनाचे विचारू नये. इंजिनाचे तेल विचारावे."

मिस्त्रींविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यांची उमर ऐंशीच्या घरात. सारी नोकरी एस.टी.त गेली. आमची एस.टी. सुरू झाली ती १ जून १९४८ रोजी, पुण्याहून अहमदनगरला बेडफर्ड गाडी सोडून. त्या काळात तिच्या ताफ्यात गाड्या तरी किती जातींच्या होत्या! शेवरलेट, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट. दहा घराण्यांची दहा तऱ्हांची इंजिने, आणि ती सांभाळायला आमची शेतकऱ्यांची, कासारांची, सुतारांची पोरे. दापोडीच्या मध्यवर्ती कारखान्यात ती घडली आणि मग डेपो-डेपोंत पसरली. मिस्त्री सातवीपर्यंत शिकलेले. पण कशेडीच्या घाटात बंद पडलेली गाडी आवाजावरून ओळखीत. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हात माझे, डोळे तुमचे. चालेल?"

इंजिन उघडायला आठ दिवस गेले. गाळ धुतला, ब्लॉक रॉकेलने न्हाऊ घातला. क्रँक घासून आणावा लागला. पिस्टन आणि लायनर नवे घालावे लागले. आंबेनळी घाट दरडींनी बंद, वरंध घाट बंद. पुण्याचे सामान ताम्हिणीवरून वळसा घालून आले. शेवटी मिस्त्रींनी एक हातभर लांबीची, तेलकट दांडी माझ्या हातात ठेवली. तिच्यावर तीन उंचवटे होते, तीन बाजूंना तोंड केलेले. जणू दांडीत तीन अंडी ओवली आहेत. तो कॅमशाफ्ट.

"गुरुजी, नख फिरवा."

दोन उंचवट्यांवरून नख गुळगुळीत गेले. तिसऱ्याच्या टोकावर ते घसरले. तिथे खड्डा होता. तो एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर टाकणाऱ्या झडपेचा उंचवटा. "सव्वीस वर्षे मार खाल्लाय त्याने," मिस्त्री म्हणाले. त्याचा हिशेब मी त्या रात्री मांडून पाहिला. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेते. कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, ७५०. म्हणजे तो उंचवटा तासाला ४५,००० वेळा आणि आठ तासांच्या दिवसाला ३,६०,००० वेळा झडप उचलतो. नवा कॅमशाफ्ट आणण्यावाचून इलाज नव्हता. पुण्याच्या एका जुन्या दुकानात, ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला, तो मिळाला.

कॅम हा शब्द डच भाषेतल्या कंगव्याच्या, दात्याच्या शब्दावरून आला. फणी! आईच्या फणीचा आणि या लोखंडी अंड्याचा असा नातेसंबंध निघाला. कल्पना मात्र शब्दापेक्षा फार जुनी आहे. पाणचक्कीच्या आसाला एक खुंटी मारायची. आस फिरला की खुंटी एक दांडा उचलते आणि सोडून देते. दांड्याच्या टोकाला मुसळ बांधले की झाले कांडणयंत्र. चीनमध्ये असे पाण्यावर चालणारे हातोडे दोन हजार वर्षांपूर्वीपासून भात कांडीत होते. १२०६ साली अल्-जझारी या कारागिराने आपल्या ग्रंथात एका होडीचे वर्णन केले आहे. होडीत लाकडी वाजंत्री बसविलेले. फिरत्या आसावरच्या खुंट्या त्यांचे हात हलवीत आणि ते तालात ढोल वाजवीत. खुंट्या सरकविल्या की ताल बदले. इंजिनाचा कॅमशाफ्ट हा असा ताल आहे, फक्त ढोलाच्या जागी झडपा आहेत.

झडपा योग्य वेळी उघडण्याचे काम आरंभी माणूसच करी. १७१२ साली इंग्लंडात न्यूकमेनने कोळशाच्या खाणीतले पाणी उपसणारे वाफेचे इंजिन उभे केले. अशा एका इंजिनावर तोट्या उघडझाप करायला हम्फ्री पॉटर नावाचे पोर बसविले होते, आणि खेळायला जाता यावे म्हणून त्याने इंजिनाच्या डुलत्या तुळईलाच दोऱ्या बांधून तोट्या आपोआप चालविल्या, अशी एक कथा सांगतात. कथा बहुधा बनावट आहे. पण चाळीस वर्षे वर्गात बसलेली पोरे पाहिल्यावर माझा तिच्यावर विश्वास बसतो. शाळेतल्या घंटेवर ज्याची नेमणूक असते त्याच्या डोक्यात असले विचार येतातच.

पुढे जर्मनीत निकोलाउस ऑटो याने १८७६ साली चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखविले. मिस्त्री ते चार शब्दांत शिकवीत: घे, दाब, फोड, टाक. हवा आत घे, ती दाब, तेल पेटवून फोड, धूर बाहेर टाक. या चारांत क्रँकचे दोन फेरे होतात. पण प्रत्येक झडपेने एकदाच उघडावयाचे असते. म्हणून कॅमशाफ्टच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दाते. सुरुवातीच्या पुष्कळ इंजिनांत आत घेणारी झडप पिस्टनच्या ओढीनेच उघडे, तिला कॅम नसे. इंजिने वेगाने पळू लागली तशी ही ढिलाई परवडेना. दोन्ही झडपा कॅमच्या शिस्तीत आल्या. रुडोल्फ डिझेल याने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वी केले. त्यात ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की तापून तिनेच तेल पेटवावे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या जातीचे एक लहान इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले होते! हा डिझेल १९१३ साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्री नाहीसा झाला. त्याचे इंजिन मात्र पंचेचाळीस वर्षांनी बैलगाडीतून आमच्या गावी आले.

आता कॅमशाफ्ट बसवावयाचा. मिस्त्रींनी ब्लॉक आडवा करविला. आधी टॅपेट. हे अळंबीच्या आकाराचे. टोपी खाली, देठ वर. कॅम बसल्यावर ते आत जात नाहीत, म्हणून ते आधी सरकवून वर ढकलून ठेवावे लागतात. मिस्त्रींनी त्यांना ग्रीस लावून आपापल्या भोकांत चिकटविले. मग कॅमशाफ्टला तेल माखले, बाळंतिणीच्या बाळाला माखावे तसे, आणि तो अलगद आत नेला. त्याचे कोरे उंचवटे कुठेही घासू नयेत म्हणून ते श्वास रोखून होते. शेवटी दोन चाकांचे दाते एकमेकांत बसावयाचे. क्रँकच्या चाकावर एका दात्याला ठिपका असतो. कॅमच्या चाकावर दोन दात्यांच्या मध्ये खूण असते. ठिपका खुणेत बसला की इंजिनाचे घड्याळ लागले.

"डोळे तुमचे, गुरुजी. खूण बघा."

मी बॅटरी धरली. खूण दिसली. "बसली," म्हणालो. मिस्त्रींनी चाक आत सारले, झाकण लावले. दुसऱ्या दिवशी पिस्टन, हेड, गॅस्केट. हेडचे नट त्यांनी पुतण्याकडून आवळून घेतले. एका बाजूने नव्हे, समोरासमोरचे, तीन वेळा थोडे-थोडे. पुशरॉड खाली सोडले, वर रॉकर ठेवले. रॉकर म्हणजे सी-सॉ. एक टोक पुशरॉडने उचलले की दुसरे झडप दाबते. तात्पुरती सूट ठेवून पुतण्याने हँडलला हात घातला.

"थांब," मिस्त्री म्हणाले. "आधी हाताने दोन फेरे. हळू."

पहिला फेरा नीट गेला. दुसऱ्यात, पिस्टन वर येता येता, आतून बारीक 'टक' झाले आणि फ्लायव्हील जड लागले. पुतण्या जोर लावणार तोच मिस्त्रींनी त्याचे मनगट धरले. कान हेडजवळ नेला. पुन्हा हळूच फिरवायला लावले. पुन्हा त्याच जागी 'टक'.

"एक दात चुकला," ते म्हणाले.

झाकण उघडले. नव्या चाकावर दोन खुणा होत्या. एक ठशाची, बारीक, ग्रीसखाली दडलेली. आणि तिच्या शेजारच्या फटीत कोणीतरी पूर्वी मारलेला छिन्नीचा ठळक ओरखडा. मला ठळक दिसले ते मी खरे मानले होते. जन्मभर मी पोरांना सांगत आलो की दोन पुरावे पुढे असले तर मोठ्या अक्षरातला खरा असतोच असे नाही. आणि मी स्वतः ओरखड्यावर भुललो!

एका दाताने असे काय होते? समजा, कॅमच्या चाकाला ५० दाते आहेत. एक दात म्हणजे कॅमचे सुमारे सव्वासात अंश. क्रँकच्या हिशेबाने दुप्पट, म्हणजे चौदा अंशांहून अधिक. पिस्टन वर पोहोचतो तेव्हा धुराची झडप मिटत आलेली असावयास हवी. ती उशीर करते आणि पिस्टनच्या डोक्याला लागते. हाताने फिरविले म्हणून नुसते 'टक' झाले. जोराने फिरविले असते तर पुशरॉड वाकला असता, कदाचित झडपही. आई आणि आत्या यांचे मुसळ एकाच क्षणी उखळात उतरले असते तर जे झाले असते, तेच.

मी ओशाळलो. मिस्त्री हसले. "गुरुजी, दोन फेरे त्याच्यासाठीच असतात. चूक होत नाही असा मिस्त्री मी पाहिला नाही. दोन फेरे विसरणारे मात्र पुष्कळ पाहिले."

सारे पुन्हा उघडले. या खेपेला ठिपका ठशाच्या खुणेत बसला आहे हे पुतण्याने पाहिले, मी पाहिले, आणि मिस्त्रींनी नखाने चाचपून पाहिले. गॅस्केट नवे आणावे लागले, त्यात चार दिवस गेले. दिवाळी आठवड्यावर आली.

उरले रॉकर. इथे मिस्त्रींनी मला बाजूला केले आणि पुतण्याला पुढे बोलाविले. "तुझा हात कोवळा आहे. तू कर." दोन्ही झडपा मिटलेल्या, पिस्टन दाबाच्या टप्प्यात अगदी वर, अशा जागी इंजिन आणावयाचे. जागा बरोबर आहे हे कसे कळावे? दोन्ही रॉकर बोटाने जरासे खुळखुळतात. एकच खुळखुळला, किंवा दोन्ही एकदम हलू लागले, तर आपण चुकीच्या फेऱ्यात आहोत; अजून एक पूर्ण फेरा द्यावयाचा.

मग झडपेच्या टोकात आणि रॉकरात अंतर ठेवावयाचे. अशा लहान इंजिनांत ते मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांच्या आसपास असते. पोस्टकार्डाच्या जाडीएवढे म्हणा. ते मोजायला पोलादी पात्यांची जुडी येते, तिला फिलर गेज म्हणतात. पुतण्याने विचारले, "मिस्त्रीकाका, अंतर ठेवायचेच कशाला? घट्ट बसविले तर आवाज नाही होणार."

"तापल्यावर जाईल कुठे ती?" मिस्त्री म्हणाले.

पोलाद तापले की वाढते. दहा सेंटिमीटरची दांडी ३०० अंशांनी तापली तर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित अधिक वाढते. ब्लॉकही वाढतो, पण तितका नाही, कारण तो पाण्याने गार राहतो. सूट ठेवली नाही तर तापलेली झडप पुरती मिटतच नाही. फटीतून आग जाते, कडा जळते, दाब जातो, आणि इंजिन एके दिवशी सकाळी उठत नाही. सूट फार ठेवली तर झडप उशिरा आणि कमी उघडते, आणि रॉकर आपटत राहतो. धुराची झडप अधिक तापते, म्हणून बहुधा तिला सूटही थोडी अधिक.

पुतण्याने पाते सरकविले, स्क्रू फिरविला. "ओल्या फडक्यातून बोट ओढावे तसे यायला हवे," मिस्त्री म्हणाले. "सटकायचे नाही, अडकायचे नाही." ते जमले. त्याने वरचा नट आवळला आणि पाते पुन्हा घातले, तर ते अडकले! नट आवळताना स्क्रू केसभर फिरला होता. स्क्रूड्रायव्हर घट्ट धरून ठेवून नट आवळावयाचा, हे त्याला चौथ्या खेपेस जमले. मिस्त्रींनी पाते ओढून पाहिले, डोळे मिटून. मग दुसरे.

"बस्स," ते म्हणाले.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही हँडल मारले. दाब सोडणारी खिट्टी उचलून पुतण्याने वेग आणला, मी खिट्टी पाडली. एकदा धूर. दुसऱ्यांदा धूर. तिसऱ्यांदा, सदतीस वर्षांनी, त्या शेडमधून 'पुक्-पुक्' निघाले आणि नदीपलीकडच्या वाडीपर्यंत गेले. बायका पदराला हात पुशीत बाहेर आल्या. आमच्या वहिनी दारात उभ्या राहून डोळे टिपू लागल्या. आबा गेले तेव्हा त्या नव्या सुना होत्या. त्यांना तो आवाज आबांसकट आठवत होता.

वरून बारीक 'टिक्-टिक्' येत होती. पुतण्याचा चेहरा उतरला. "काही राहिले का?"

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचे टोक हेडला लावले आणि मूठ कानाला. बराच वेळ ऐकले. "काही राहिले नाही. टॅपेट बोलतोय तोवर बरा. गप्प झाला की समजावे, आत काही जळते आहे. वीस तास चालल्यावर गॅस्केट बसेल, तेव्हा पुन्हा माप घे."

'घे' म्हणाले, 'घेऊ' म्हणाले नाहीत. पुतण्याच्या ते ध्यानात आले असावे.

पट्टा चढविला, हलर फिरू लागला. पहिले भात वरच्या खाचरांतले, जेमतेम चार पोती. पोहे उखळातच कांडले गेले. त्याला हलर चालत नाही. पण नवा तांदूळ पाडव्याला चार वाड्यांत शिजला.

मी इतिहासाचा मास्तर. आबांच्या गिरणीचा एक कागद माझ्यापाशी नाही. पावती नाही, फोटो नाही, पितळी पट्टीसुद्धा नाही. सव्वीस वर्षे हे इंजिन कोणी सांभाळले, कॅमच्या खुणा कोणाला ठाऊक होत्या, सुटीचे माप कोण राखीत असे, ते सारे हातांतून हातांत गेले आणि बरेचसे हातांबरोबरच गेले. किल्ल्यांची बखर असते, गिरण्यांची नसते.

भाऊबिजेच्या दिवशी गिरणीत गेलो तर दाराच्या आतल्या बाजूला, पुराची रेघ जिथवर आली होती तिच्याही वर, पुतण्याने तेलरंगाने चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. दोन्ही झडपांच्या सुटीची मापे. कॅमची खूण: ठशाची, ओरखड्याची नव्हे. गॅस्केट बसल्यावर पुन्हा माप. आणि सगळ्यांत खाली, मोठ्या अक्षरांत: आधी हाताने दोन फेरे.

आमच्या गिरणीचा हा पहिला लेखी दस्तऐवज. त्याच्याखाली मी तारीख घातली.